सुईच्या आधीचा एक तास

तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. हातातल्या पंचनं किती तिकिटांना भोकं पाडली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आता भोकं माझ्याच डाव्या हाताला पडतात आणि त्यांचा हिशेब मी चोख ठेवतो. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, एका वेळेला दोन सुया. वर्षाला २०८.

ही सुई तापाच्या इंजेक्शनाची नव्हे. सुईचा नंबर जितका लहान तितकी ती जाड, आणि आमची असते १६ किंवा १७ नंबरची. रक्तदान करणाऱ्यांनी ती पाहिलेली असेल. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त बाहेर काढून, स्वच्छ करून परत आत सोडायचं, तर बारीक सुई पुरत नाही. त्यासाठी हातातली धमनी शिरेला जोडतात. त्याला म्हणतात फिस्टुला. शीर फुगते आणि वर बोट ठेवलं की स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीच्या पत्र्यासारखी थरथरते. टोचायचं तिथेच, पुन्हा पुन्हा.

पहिल्या दिवशी तंत्रज्ञ म्हणाला, "मामा, मुंगी चावल्यासारखं वाटेल." माझं बालपण शेतावर गेलं. मुंगी, मुंगळा, विंचू, तिन्ही चावलेत मला. ती मुंगी नव्हती.

पहिलं दीड वर्ष दात-ओठ खाऊन काढलं. सुई आत जाते ते दोन क्षण निघून जातात. निघत नाही ती आदली रात्र. माझे वार सोमवार आणि गुरुवार. म्हणजे रविवार आणि बुधवार रात्रीचा घास उतरायचा नाही. बायको भाकरी पुढं सरकवायची, मी हात कुरवाळत बसायचो. एका गुरुवारी पोट बिघडल्याची थाप मारून मी पाळी चुकवली. शनिवारी रात्री आडवं पडलं की दम लागायला लागला, उशीला टेकून बसून सकाळ केली. ज्या माणसानं घाटात ब्रेक गेलेल्या गाडीत उभं राहून प्रवाशांना धीर दिला, तो दोन सुयांना भ्याला. हे आज लिहितोय, तेव्हा बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बधीर करणारं मलम असतं हे मला कळलं ते मेढ्याकडून साताऱ्याला येणाऱ्या एका मावशींमुळे. त्यांची खाट माझ्या शेजारी. सुई जात होती आणि मावशी टोचणाऱ्या तंत्रज्ञ पोराशी त्याच्या लेकीच्या बारशाबद्दल बोलत होत्या! मी विचारलं तेव्हा पिशवीतून एक ट्यूब काढून दाखवली. घरून निघताना त्या दोन जागी मलमाचा जाड थर देतात, वर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवतात आणि एसटीत बसतात. साताऱ्यात उतरून रुग्णालयात पोचेपर्यंत तास होतो. मलम पुसायचं, साबणानं हात धुवायचा, खाटेवर आडवं व्हायचं. एसटी वेळेवर धावली तर औषधही वेळेवर लागू पडतं, हे ऐकून माझ्या जुन्या खात्याचा मला अभिमानच वाटला.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लावा की! नको कोणी म्हटलंय?" नको कोणीच म्हटलं नव्हतं. लावा असंही कोणी म्हटलं नव्हतं, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

मलमात लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधं असतात, प्रत्येकी २.५ टक्के. कातडीतल्या नसांमधून मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी ती वाटेतच अडवतात. यातलं लिडोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि त्यांचा तरुण साथीदार बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी तयार केलं. लुंडक्विस्टनं ते आधी स्वतःलाच टोचून पाहिलं होतं. मुंगीची उपमा त्यानं नक्की दिली नसती.

खरी गोम वेळेची आहे. तासाभरात बधिरपणा साधारण तीन मिलिमीटर खोल उतरतो, दोन तासांत पाचपर्यंत. आमच्याकडे एक किराणा दुकानदार येतात, ते म्हणतात, "सगळी थापेबाजी, मला काही फरक पडला नाही." ते करतात काय, तर खाटेवर बसल्यावर, सुईच्या दहा मिनिटं आधी, डोकेदुखीच्या बामासारखं मलम खसाखसा चोळतात. चोळायचं नसतंच ते. थर देऊन झाकून सोडून द्यायचं असतं. मीही पहिल्यांदा अर्ध्या तासात पुसलं आणि शिव्या घातल्या. नीट लावलं तर टोचणं कळत नाही, काहीतरी आत सरकल्याचा दाब तेवढा कळतो. शीर खोल असली तर थोडं दुखतंही.

तंत्रज्ञांचा आक्षेप असतो की मलमानं कातडी पांढरी पडते, शीर नीट सापडत नाही. काही जणांच्या बाबतीत खरं आहे ते. काही जुन्या रुग्णांची जागा टोचून टोचून निबर झालेली असते, त्यांना मलम लागतच नाही. आणि हे लोणी नव्हे, कुठंही फासायला. अमेरिकेत दोन तरुणींनी लेझरनं केस काढून घेण्याआधी पायांना बधीर करणारं मलम फासून वर प्लॅस्टिक गुंडाळलं. दोघींना झटके आले, दोघी दगावल्या. २००७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला त्यावर जाहीर इशारा द्यावा लागला. जागा छोटी, कातडी न फुटलेली, मात्रा डॉक्टरांना विचारून, आणि लहान बाळांच्या बाबतीत तर दुप्पट सावध.

पण या सगळ्याच सांगण्याच्या गोष्टी आहेत. आमच्या केंद्रात पाणी किती प्यायचं, मीठ किती खायचं, केळं का खायचं नाही, याचा तक्ता भिंतीवर लावलाय. मलमाचा एक शब्द नाही. माझं डायलिसिस सरकारी योजनेतून होतं, ट्यूब मी पदरचे पैसे घालून आणतो. एका ट्यूबचा खर्च माझ्या महिन्याच्या रिक्षाभाड्याहून कमी आहे. तेव्हा अडलंय ते पैशापाशी नाही. "एवढं तर सोसायलाच पाहिजे" या आपल्या जुन्या सवयीपाशी अडलंय. बाई असली तर बाळंतपणाची आठवण करून देतात, पुरुष असला तर मिशीची.

गेल्या महिन्यात पस्तिशीचा एक रिक्षावाला नव्यानं आला. सुई पाहून त्याचा हात थरथरत होता, आणि तंत्रज्ञानं तोंड उघडलं, "दादा, मुंगी..." मी पलीकडच्या खाटेवरून ओरडलो.

डायलिसिस केंद्रातल्या पोरांनो, सिस्टरबाईंनो, तुमचे हात चांगले आहेत, कामाचा बोजाही मी पाहतो. नवा माणूस आला की त्याला मुंगीची गोष्ट सांगू नका. पुढची पाळी किती वाजता आहे ते त्याला सांगा, आणि त्याच्या एक तास आधी काय लावायचं ते डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून द्या.