आजीला बसवून ठेवू नका

मालवण किनाऱ्यावरचे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पुढे खळे, मागे विहीर; आणि पावसाळ्यात या साऱ्यावर शेवाळाचा हिरवा थर. अशा घरात आजी एकदा घसरली की सगळे तिला बजावतात, "आता काय एक करू नको, गप बसान रव." यात माया असते, पण माझ्या मते हा सल्ला घातक आहे.

न वापरलेला स्नायू रोडावतो. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो. तो दुबळा झाला, की ठेच लागताच तोल सावरण्यापुरता जोर वेळेवर मिळत नाही. म्हणजे बसून राहिल्याने पडण्याचा धोका उलट वाढतो.

"आजीने जन्मभर मासळीच्या पाट्या वाहिल्या, तिला व्यायाम कसला शिकवता?" असे कोणी म्हणेल. पण स्नायू जुने श्रम शिल्लक ठेवत नाहीत. उलट नवे श्रम ते या वयातही मानतात. अमेरिकेत बॉस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला होता. नऊ जणांनी तो पुरा केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्के वाढले!

मात्र हे वाचून आजीच्या पायाला वाळूची पिशवी बांधू नका. तेथे प्रत्येकाची ताकद आधी मोजली होती. हे मोजमाप फिजिओथेरपिस्टचे, म्हणजे भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम. ते रक्तदाब, औषधे, सांधे यांची चौकशी करतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे; याला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर ती धोक्याची खूण. मग खुर्चीतून किती वेळा उठायचे, भिंतीचा आधार घेऊन टाचा किती वेळा उचलायच्या, हे ते ठरवून देतात. श्वास रोखायचा नाही; छातीत दुखले किंवा भोवळ आली तर लगेच थांबायचे. काही दिवसांनी पुन्हा मोजणी, आणि मगच वाढ.

दुखऱ्या गुडघ्यांनी एस.टी.तून तालुक्याला जाणे किती आजींना जमेल? न्यूझीलंडमध्ये फिजिओथेरपिस्टनी घरी जाऊन ऐंशीपुढच्या स्त्रियांना व्यायाम शिकवला, तेव्हा वर्षभरात त्यांचे पडणे कमी झाले. हा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही तज्ज्ञाने वाडीवर यावे, असे मला वाटते. घरच्या पायऱ्या पाहिल्याशिवाय कोणता व्यायाम आधी हवा हे कसे कळणार?

तोवर खराट्याने शेवाळ घासून काढणे तुमच्या हाती आहे. आणि आजीच्या काठीचे रबरी टोपण झिजले आहे का, तेही पाहा.