परवाना आणि पाहुणे

कोचीहून आगबोटीनें लक्षद्वीपास जाऊन आलेल्या आमच्या सुशिक्षित बांधवांची एक तक्रार अलीकडे वरचेवर कानीं येते. आपल्याच देशांतील बेटांवर जाण्यास परवाना कशाला? १९६७ च्या नियमांतील ही अट म्हणजे नागरिकाचा अपमान. ती काढून टाका, मालदीवांप्रमाणें हॉटेलें उठवा, म्हणजे बेटकऱ्यांचें दैन्य फिटेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. २०२४ च्या जानेवारींत पंतप्रधानांच्या तेथील भेटीचीं छायाचित्रें प्रसिद्ध झाल्यापासून तर या मतास ऊत आला आहे. आम्हांस तें सपशेल चुकीचें वाटतें, आणि तसें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे.

प्रथम जागेचाच हिशेब करूं. ३६ बेटें मिळून क्षेत्रफळ अवघें ३२ चौरस किलोमीटर. त्यांपैकीं वस्तीचीं १०, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें माणसें ६४,४७३. मालदीवांत पर्यटकांचीं हॉटेलें बहुतेक निर्जन बेटांवर उभीं राहिलीं. येथें तितकी मोकळी भूमि आहेच कोठें? जी आहे तिच्या खालीं पावसाचें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरानें तरंगत असतें. उपसा वाढला कीं खारें पाणी वर चढतें; आणि मैला जिरतो तोहि त्याच वाळूंत. कवरत्तीस २००५ सालीं समुद्राचें पाणी गोडें करण्याचा कारखाना काढावा लागला. नळ सोडून दात घासण्याची संवय झालेल्या शहरी पाहुण्यास याची कल्पना कशी यावी?

बेटांची वाळू म्हणजे प्रवाळांचाच चुरा, आणि भरसमुद्राच्या लाटा अडविते तीहि प्रवाळांचीच भिंत. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हां २०२४ सालीं समुद्र तापून हीं प्रवाळें पांढरीं पडलीं, पुष्कळ मेलीं. तो ताप पर्यटकांनीं आणला असें आम्ही म्हणत नाहीं. पण आजाऱ्याच्या खोलींत गर्दी करूं नये, एवढें आपल्या घरांतील पोरांसहि कळतें.

बेटकऱ्यांस पैसा नको काय? अवश्य हवा. नारळ व कुपा मासळी यांवर चालणाऱ्या संसारास जोड मिळाली तर आम्हांस आनंदच आहे. परंतु तो पैसा कोणाच्या हातीं पडणार, हें विचारल्यावांचून विकासाचें नांव घेऊं नये. शिवाय ज्या आगबोटीनें आपण सुटीस जातों, त्याच आगबोटींनीं तेथील रुग्ण कोचीच्या रुग्णालयांत येतात. आपली हौस आणि त्यांची निकड एकाच तिकिटखिडकीशीं उभ्या राहिल्या, तर वाट कोणी द्यावी?

कोण येणार, कोणत्या बेटावर राहणार आणि किती दिवस, हें आधीं ठरविण्याचें साधन म्हणजे परवाना. कोंकणांत आपल्या विहिरीवर कोणी न विचारतां पोहरा सोडला, तर आपण त्यास काय म्हणूं? 'आंत येऊं का?' असें विचारण्यांत ज्यास कमीपणा वाटतो, त्यानें स्वतःस पाहुणा म्हणवून घेऊं नये.