अतितीव्र सराव हवा, पण सिकलसेलची चाचणी आधी



बास्केटबॉलमध्ये चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटचा प्रयत्न करावा लागतो आणि खेळाडू धाव, उडी, क्षणभर थांबा, पुन्हा धाव या क्रमाने खेळते. त्यामुळे एकाच गतीने मैदानाला फेऱ्या मारण्याचा जुना सराव तिला अपुरा पडतो. अल्पकाळ जवळजवळ पूर्ण ताकदीने श्रम आणि मग ठरावीक विश्रांती, असा अतितीव्र टप्प्याटप्प्यांचा सराव या खेळाला अधिक जवळचा असून शिट्टी आणि घड्याळावर भागतो, म्हणून तो नंदुरबार जिल्ह्यातील शाळा-आश्रमशाळांच्या मुलींपर्यंत पोचलाच पाहिजे. मात्र इझुमी ताबाता यांचा १९९६ सालचा प्रसिद्ध प्रयोग, म्हणजे २० सेकंद श्रम व १० सेकंद विश्रांतीच्या सात-आठ फेऱ्या, शारीरिक शिक्षण शिकणाऱ्या तरुण पुरुषांवर झाला होता. तोच चौदा वर्षांच्या मुलींना जसाच्या तसा लावणे शास्त्राला धरून नाही.

या जिल्ह्यात तर सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आल्यास व्यक्ती रुग्ण ठरते, एकाकडूनच आल्यास वाहक. वाहक मुलगी एरवी धडधाकट असते, त्यामुळे ती कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु पुरेशा विश्रांतीविना, उन्हात आणि पाण्यावाचून जोराच्या धावा लागोपाठ झाल्या, तर वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवू शकतात आणि स्नायूंचा नाश होऊ लागतो. अमेरिकेत राईस विद्यापीठाचा वाहक असलेला एक अमेरिकन फुटबॉलपटू २००६ साली अशाच धावांनंतर दगावला आणि २०१० पासून तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने वरच्या श्रेणीतील खेळाडूंसाठी सिकलसेल चाचणीचा नियम केला.

याचा अर्थ वाहक मुलींना बाकावर बसवावे असा मुळीच नाही. तसे करणे अन्यायाचे ठरेल. आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार व तळोदा प्रकल्प कार्यालयांनी आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने हंगामापूर्वी हिमोग्लोबिन व सिकलसेल या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात, प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करावी, रुग्ण मुलींचा सराव डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा आणि अहवाल गुप्त ठेवावा, कारण वाहक असल्याचा बोभाटा मुलीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचतो. सरावाची सुरुवात १५ सेकंद धाव आणि ४५ सेकंद चालणे एवढ्यावर, सकाळच्या गारव्यात व्हावी. साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो, पण सिकलसेलच्या त्रासात तो वरून मऊच राहतो आणि पाय गळून मुलगी खाली बसते. अशा वेळी 'नाटक करू नकोस' असे दरडावणाऱ्या प्रशिक्षकाला हा फरक शिकवल्याशिवाय त्याच्या हाती शिट्टी देऊ नये.

— एक वाचक, नंदुरबार