दातांचा डॉक्टर, बंदुकीची गोष्ट

डॉक हॉलिडे म्हटलं की काय आठवतं? बहुतेकांना १९९३ सालचा 'टूम्बस्टोन' आठवेल. घामाने डबडबलेला, खोकणारा, पत्ते पिसता पिसता टोमणे मारणारा व्हॅल किल्मर! मग ती ओ.के. कोरलची चकमक, पिस्तुलं, धूर वगैरे वगैरे. या सगळ्या धुमश्चक्रीत 'डॉक' या शब्दाकडे कुणाचं लक्षच जात नाही. तर मंडळी, हा माणूस खरोखरचा डॉक्टर होता. दातांचा. कॉलेजात जाऊन, प्रबंध लिहून, रीतसर पदवी घेतलेला डेंटिस्ट.

आणि माझं म्हणणं असं आहे की त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाचण्यासारखा भाग बंदुकीचा नाही, दातांचा आहे. घराण्यांचे इतिहास (त्यांचे काय आणि आपले काय) नेमके इथेच घसरतात. किस्सा जपून ठेवतात आणि काम सोडून देतात.

आधी थोडी माहिती. जॉन हेन्री हॉलिडे १८५१ साली जॉर्जियातल्या ग्रिफिन गावी जन्मला. पंधरा वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. पुढे तो फिलाडेल्फियाच्या 'पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी'त शिकला आणि १ मार्च १८७२ ला पदवीधर झाला. वयाची एकवीस वर्षंही पूर्ण व्हायची होती! जगातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज बाल्टिमोरला निघालं ते १८४० साली. म्हणजे या धंद्याला 'शिक्षण' चिकटून जेमतेम तीस वर्षं झालेली. त्या काळात बहुतेक डेंटिस्ट कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करूनच शिकायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर हा पोरगा स्टार्टअपच्या जमान्यात चांगली डिग्री घेऊन बाहेर पडलेला.

त्याचा सोमवार कसा असेल? मला विचार करायला आवडतं ते याचा. वीज नाही, एक्स-रे नाही (तो १८९५ नंतरचा). इंजेक्शन देऊन हिरडी बधिर करणं १८८४ नंतर सुरू झालं, तोवर याचं काम जवळजवळ संपलेलं. हुंगायला ईथर आणि नायट्रस ऑक्साइड होते, आणि दोन्ही वापरात आणण्यात डेंटिस्टच पुढे होते. हार्टफर्डच्या होरेस वेल्सने १८४४ साली नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, तर विल्यम मॉर्टनने १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला पायाने चालवायचं ड्रिल बाजारात आलं. आजीचं शिलाई मशीन आठवा. पाय हलवत राहायचा आणि त्याच वेळी हाताने दुसऱ्याच्या दाढेत बारीक कोरायचं. कीड साफ झाली की त्या खड्ड्यात सोन्याच्या पातळ वर्खाचे तुकडे एकावर एक ठोकून बसवायचे. हात स्थिर हवा, नजर तीक्ष्ण हवी आणि धीर भरपूर हवा.

कवळीची गोष्ट तर अजून भारी. सोन्याची कवळी श्रीमंतांची. बाकीच्यांसाठी व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. तोंडाचं माप घ्यायचं, प्लास्टरचा साचा करायचा, त्यात चिनी मातीचे दात बसवायचे, रबर भरायचं आणि एका जाड भांड्यात वाफेच्या दाबाखाली तास-दीड तास शिजवायचं. थोडक्यात, कुकर! फक्त शिट्टीऐवजी स्फोटाची भीती.

आणि यात पेटंटची भानगड होती. 'गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी' प्रत्येक डेंटिस्टकडून लायसन्स फी मागायची, वर दर कवळीमागे रॉयल्टी. न देणाऱ्यांवर खटले. १८७७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्याच बाजूने निकाल दिला. शेवटी १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चॅलफंट नावाच्या डेंटिस्टने कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला गोळी घातली. सॉफ्टवेअर लायसन्सवरून वाद घालणाऱ्या आपल्या जमातीने हा प्रसंग लक्षात ठेवावा (अनुकरण नको).

तर अशा धंद्यात हॉलिडे चांगला होता. नुसता बरा नाही, चांगला. १८७३ साली तो डॅलसला आला, जॉन सीगर या डेंटिस्टबरोबर भागीदारीत बसला, आणि त्या भागातल्या जत्रेत त्यांच्या कामाला बक्षिसं मिळाली. सोन्यातल्या दातांना आणि रबरातल्या दातांनाही. जत्रेत बैलाला, लोणच्याला बक्षीस देतात तसं कवळीला बक्षीस! कल्पना करा.

मग बिघडलं कुठे? फुफ्फुसात. त्याला क्षय झाला होता आणि कोरड्या हवेने बरं वाटतं अशी तेव्हाची समजूत, म्हणून तर तो पश्चिमेकडे सरकला. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉखने जगापुढे मांडले ते १८८२ साली. त्यामुळे हॉलिडेच्या पेशंटना संसर्गाचं शास्त्र माहीत असायचं कारण नाही. पण आपल्या तोंडावर वाकून काम करणारा माणूस सारखा खोकतोय, हे कुणाला आवडेल? गिऱ्हाईक कमी झालं. पत्त्यांच्या टेबलावर मात्र खोकण्याने कुणाचं अडत नव्हतं. जुगाराकडे तो वळला तो असा, आणि यात रोमँटिक काहीही नाही. एका तरबेज कारागिराचा धंदा त्याच्या आजाराने खाल्ला.

तरीही १८७८ च्या जून महिन्यात डॉज सिटीच्या वर्तमानपत्रात त्याची जाहिरात आहे. डॉज हाऊस या हॉटेलात खोली नंबर २४ मध्ये दवाखाना, आणि काम पसंत पडलं नाही तर पैसे परत! मला ही जाहिरात ओ.के. कोरलपेक्षा जास्त चटका लावते. सत्तावीस वर्षांचासुद्धा नाही, छातीत क्षय, हातात पत्ते, आणि तरी स्वतःला 'डेंटिस्ट' म्हणवून घेतोय. २६ ऑक्टोबर १८८१ ची ती चकमक जेमतेम अर्धा मिनिट चालली. ८ नोव्हेंबर १८८७ ला तो कोलोरॅडोत ग्लेनवूड स्प्रिंग्जला वारला, वय ३६. जगाने लक्षात ठेवलं ते अर्धं मिनिट.

त्याच्या घराण्याशी नातं असलेल्या कॅरेन हॉलिडे टॅनर यांनी १९९८ साली त्याचं चरित्र लिहिलं, घरच्यांच्या नजरेतून. जन्मतः त्याचं टाळू दुभंगलेलं होतं, अशी घरात चालत आलेली आठवण त्यात आहे. सगळे अभ्यासक ती मान्य करत नाहीत. आणि इथेच माझा मुद्दा आहे. घरातल्या आठवणी पिढी दर पिढी कॉपी-पेस्ट होताना बदलतात, आणि मूळ फाईल कुणाकडेच नसते. कामाचं तसं नाही. काम घराबाहेर खुणा सोडतं. कॉलेजची यादी, जत्रेचा निकाल, पेपरातली जाहिरात. या खुणा तपासता येतात. घराण्याच्या इतिहासात पुराव्याने उभा राहणारा भाग बहुतेक वेळा हाच असतो, आणि आपण त्यालाच एका ओळीत गुंडाळतो.

बायकांच्या बाबतीत तर ती ओळही नसते. लूसी हॉब्ज टेलर घ्या. डेंटल कॉलेजने बाई म्हणून प्रवेश नाकारला, तर हिने शिकून स्वतःचा दवाखाना थाटला. आयोवात नाव कमावलं आणि मग त्याच कॉलेजातून १८६६ साली पदवी घेतली. अशी डेंटिस्टची पदवी घेणारी अमेरिकेतली पहिली बाई. लग्न झालं तेव्हा नवरा रेल्वेचे डबे रंगवायचा. हिने त्याला दातांचं काम शिकवलं आणि दोघांनी कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात दवाखाना चालवला. साध्या वंशवृक्षात हीच बाई 'जेम्स टेलर यांची पत्नी' होऊन बसली असती. जिने नवऱ्याला धंदा शिकवला तिची ओळख नवऱ्यावरून!

आपले कुलवृत्तांत उघडून बघा. अमुक यांस तीन पुत्र, दोन कन्या, सरकारी नोकरी, निवृत्त. सुनेचं माहेरचं नाव, संपलं. माझ्या आजोबांपुढे चारच शब्द आहेत, 'रेल्वेत नोकरी. पुण्यात स्थायिक.' बाबांना खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते तारेवर होते, मोर्सवर. रात्रपाळी करून आले की जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर टकटक वाजत राहायची आणि आजी वैतागायची. मला या एका टकटकीतून जो माणूस दिसला तो त्या चार शब्दांतून कधीच दिसला नसता.

यावर माझा एक मित्र म्हणतो, "अरे, माणूस म्हणजे त्याची नोकरी नव्हे." मान्य. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप आपटून बंद करताना मीही हेच म्हणतो. पण जागेपणीचे निम्मे तास जिथे जातात ते वगळून उरलेला माणूस पूर्ण कसा म्हणायचा? मी पगार आणि हुद्दा लिहा म्हणत नाहीये, ते कुलवृत्तांत लिहितातच. हातात कोणतं अवजार होतं, कशात हातखंडा होता, कशाने कंबर मोडली, गिऱ्हाईक कोण होतं, हे लिहा म्हणतोय.

नाहीतर आपलं काय होणार ते उघड आहे. पन्नास वर्षांनी कुणीतरी आपल्या नावापुढे लिहील, 'आयटीत नोकरी.' झालं! रात्री दोन वाजता कोसळलेला सर्व्हर, तीन दिवस छळून शेवटी एका स्वल्पविरामात सापडलेला बग, क्लायंटच्या वेळेप्रमाणे जेवणारं आख्खं घर... यातलं काहीही त्या दोन शब्दांत नसेल.

असो. येत्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येत-पाणी विचारून झालं की एक प्रश्न जास्त विचारा. "तुम्ही कामाला जायचात तेव्हा सकाळी पोचल्या पोचल्या पहिलं काय करायचात?" आणि हा प्रश्न आईलाही विचारा, ती कधी 'नोकरीला' गेली नसेल तरी. उत्तर लिहून ठेवा, तारखेसकट.