एव्हेलिनाच्या नवऱ्याचा वाडा



नाताळची रोषणाई बघायला यंदा आम्ही सगळी म्हातारी मंडळी नातवंडांना घेऊन बकिंगहॅमशायरमधल्या वॉड्झडन मॅनरला गेलो. घर कसलं, टेकडीवरचा राजवाडाच! बॅरन फर्डिनांड डी रॉथशिल्ड यांनी १८७४ मध्ये ही जागा विकत घेऊन फ्रेंच धाटणीचा वाडा बांधला. खोल्याखोल्यांतून झाडे सजवलेली, बाहेर दिव्यांचा झगमगाट. पोरं मात्र १७७४ सालच्या हत्तीपाशीच खिळली. किल्ली दिली की हा हत्ती सोंड नि कान हलवतो. १८८९ मध्ये इराणचे शहा आले होते, त्यांनाही म्हणे तो पुन्हापुन्हा बघायचा होता!

एका नातीने विचारलेच, "आजी, हे लोक आपल्यासारखे यहुदी ना? मग घरात नाताळचं झाड कसं?" आम्ही सांगितले, बाळ, १९५७ पासून हे घर नॅशनल ट्रस्टचे आहे. ही सजावट येणाऱ्या पाहुण्यांसाठी. आपणही पाहुणेच. कौतुकाने बघावे, आणि आपल्या घरी हनुक्काचे दिवे लावावेत.

पण ह्या घराची खरी गोष्ट झाडांत नाही. फर्डिनांड यांची पत्नी एव्हेलिना १८६६ मध्ये बाळंतपणात गेली, बाळही गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १८६९ मध्ये लंडनच्या सदर्कमध्ये आजारी मुलांसाठी तिच्या नावाने हॉस्पिटल काढले. ते आजही चालू आहे, आता सेंट थॉमस हॉस्पिटलच्या शेजारी. उभा जन्म वॉर्डात काढलेल्या आम्हां नर्सबायकांचा गळा हे सांगताना दाटून आला. त्या काळी किती आया अशाच जात!

पुढे १९३९ मध्ये वाड्याचे वारस जेम्स आणि डोरोथी यांनी जर्मनीतून आलेल्या तीसेक यहुदी मुलांना गावात आसरा दिला. लढाईच्या दिवसांत लंडनकडची शंभरेक लहानगी, सगळी पाच वर्षांच्या आतली, ह्याच वाड्यात राहिली. जिथे स्वतःचे मूल खेळले नाही, तिथे परक्यांची पोरं सुरक्षित वाढली.

जाणाऱ्यांनी तिकिटे आधी काढावीत, जाड स्वेटर न विसरता घ्यावा. आत उजेड मंद असतो, म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी काठी आणि नातवाचा हात, दोन्ही धरावेत. आणि पोरांना हत्तीबरोबर एव्हेलिनाचीही गोष्ट जरूर सांगावी.

सर्वांना हनुक्काच्या शुभेच्छा!