पाच कोटींची मोटार आणि पापडीचा टेंपो

पापडीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर भल्या पहाटे दोन प्रकारची वाहने एकमेकांना ओलांडतात. वाडीतली भाजी आणि फुले घेऊन निघालेला छोटा टेंपो हे एक. कंपनीच्या संचालकाला विमानतळावर पोहोचविणारी मोटार हे दुसरे. दोहोंच्या पाटीवर 'एमएच ४८' हीच अक्षरे असतात आणि दोहोंच्या वाट्याला खड्डेही तेच येतात. भेद सुरू होतो तो कराच्या पुस्तकात. कोणते वाहन कोणत्या रकान्यात बसवायचे, ही वरकरणी कारकुनी बाब वाटते. परंतु समाजातील कोणाचा भार हलका करायचा आणि कोणाच्या पाठीवर लादायचा, याचा निर्णय त्या रकान्यांतच होत असतो.

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी कर पडतो; कंपनीच्या नावावरील मोटारीला सरसकट २० टक्के. हे ऐकून कोणालाही वाटेल की, शासन श्रीमंतांकडून योग्य तेच वसूल करीत आहे. पण कायद्याच्या पुढच्याच ओळीत कराला कमाल मर्यादा घातलेली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. ती वाढविली खरी, उठविली मात्र नाही. त्याच अर्थसंकल्पाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर बसविला.

आता साधा हिशेब करावा. दीड कोटींच्या कंपनी-मोटारीचा २० टक्के कर बरोबर ३० लाख होतो. त्यापुढे किंमत कितीही चढो, कर तेथेच थांबतो. तीन कोटींच्या मोटारीला प्रत्यक्षात १० टक्के पडतात आणि पाच कोटींच्या मोटारीला अवघे ६ टक्के. आठ लाखांचा टेंपो घेणाऱ्या पापडीच्या भाजीवाल्याला मात्र पुरते ७ टक्के, म्हणजे ५६ हजार रुपये मोजावे लागतात. त्याच्यासाठी कोणतीही कमाल मर्यादा नाही. चैनीच्या वाहनाचा दर पोटापाण्याच्या वाहनाच्या दराहून कमी व्हावा, याला करनीती म्हणावयाचे काय? अर्थसंकल्पाचाच अंदाज असा होता की, मर्यादा वाढवून १७० कोटी मिळतील आणि हलक्या मालवाहनांकडून ६२५ कोटी. तिजोरी कोणाच्या खिशातून भरावयाची ठरले होते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

याच अर्थसंकल्पात ३० लाखांहून महाग असलेल्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचविला होता. मार्च २०२५ संपण्यापूर्वीच मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेतल्याचे जाहीर केले. प्रदूषण कमी व्हावे हा हेतू कोणालाही मान्यच होईल. पण तीस लाखांची मोटार घेणाऱ्याला त्यासाठी करमाफीचे आमिष हवेच होते काय? टेंपोवरील ७ टक्के कर मात्र जागचा हलला नाही.

प्राप्तिकराची कथाही निराळी नाही. कंपनीची मोटार संचालक कामासाठी आणि घरासाठीही वापरतो, तेव्हा त्या सोयीचे मूल्य त्याच्या उत्पन्नात धरले जाते. २००९ मध्ये हे मूल्य लहान इंजिनाच्या मोटारीसाठी महिना १८०० रुपये आणि १.६ लिटरहून मोठ्या इंजिनासाठी २४०० रुपये असे ठरले. चालकाचे आणखी ९०० रुपये. पुढील पंधरा वर्षे हे आकडे तसेच राहिले. नऊशे रुपयांत महिनाभर राबणारा चालक वसई तालुक्यात कोठे मिळत होता, हे नियम लिहिणारेच जाणोत! शिवाय मोटारीचा १५ टक्के घसारा, इंधन आणि दुरुस्ती हे सर्व कंपनीच्या खर्चात मांडता येते.

उलट, भाड्याने माल वाहणाऱ्या लहान टेंपोमालकाने सोपी करपद्धत पत्करली की, २०१४ पासून प्राप्तिकर कायदा त्याचे उत्पन्न दर टेंपोमागे महिना ७५०० रुपये गृहीत धरू लागला, मग टेंपो धावो अथवा दुरुस्तीसाठी उभा राहो. कमाई कमी झाली असे म्हणावयाचे तर त्याने हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात आणि लेखापरीक्षण करून घ्यावे. म्हणजे टेंपोमुळे गरिबाला होणारा लाभ ७५०० रुपये, आणि आलिशान मोटारीमुळे संचालकाला होणारा लाभ २४०० रुपये!

यावर असा युक्तिवाद केला जाईल की, कंपन्यांवर २० टक्क्यांचा दर आहेच. आणखी काय हवे? परंतु हा दर वाहन कोणाच्या नावावर आहे एवढेच पाहतो, ते कोणासाठी धावते हे पाहत नाही. मोटार संचालकाच्या स्वतःच्या नावावर घेतली की दर १३ टक्क्यांवर येतो, आणि कामाच्या नावाखाली तिच्या इंधनाचा भार कंपनीवर टाकता येतो. नाव बदलण्याची ही सोय भाजीवाल्यापाशी नाही. ताज्या भाजीवर वस्तू व सेवा कर नसल्यामुळे टेंपो खरेदीवर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावटही त्याला मिळत नाही.

म्हणून वर्गीकरणाची कसोटीच बदलली पाहिजे. चैनीच्या मोटारींवरील करमर्यादा रद्द करावी. खाजगी वापराच्या सोयीचे मूल्य प्रत्यक्ष खर्चावर ठरवावे. ज्याच्यापाशी एकच मालवाहन आहे आणि त्यावरच ज्याचे पोट आहे, त्याच्यावरील एकरकमी कराचा बोजा उतरवावा. यांतली कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही. ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व सर्वच सरकारे तोंडाने मान्य करीत आली आहेत. पहाटे पापडीच्या रस्त्यावर उभे राहून येणारी-जाणारी वाहने मोजण्याइतका वेळ अर्थखात्याने काढला, तरी त्या तत्त्वाची आज काय दशा झाली आहे ते त्याच्या ध्यानी येईल.