एका रंगात न मावणारा वऱ्हाड

१/ 'एम्पायर : टोटल वॉर' हा गेम मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत खेळून संपवला की पडद्यावरचा हिंदुस्थान एकाच रंगात उजळून निघतो. विजयाचा तो क्षण सुखावणारा असतो. मात्र वाशिम जिल्ह्यातील मालेगावच्या खेळाडूने त्या नकाशात आपला मुलूख शोधला, तर त्याला एक मोठी चूक आढळेल. ती तपशिलाची नसून नियमाची आहे. (थ्रेड)

२/ आधी गुण. २००९ साली आलेल्या या गेममध्ये युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान यांचे अठरावे शतक एकाच वेळी पुढे सरकते. मराठे येथे खेळता येणारी स्वतंत्र सत्ता आहेत. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये २०२२ च्या विस्तारानंतर हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार गट झाले. देवगिरीच्या यादवांना मात्र वेगळी जागा मिळाली नाही. त्या तुलनेत 'एम्पायर' उदारच म्हणायचा.

३/ गेम १७०० साली सुरू होतो. हे वर्ष विलक्षण आहे. रायगड १६८९ मध्ये आणि जिंजी १६९८ मध्ये मोगलांकडे गेलेली. औरंगजेबाचा साताऱ्याला वेढा पडलेला. मार्च १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले आणि राज्याची धुरा महाराणी ताराबाईंनी उचलली.

४/ आता गेमचा नियम पाहा. सगळे प्रांत हातातून गेले की सत्ता संपते. हा नियम काटेकोर लावला असता, तर मराठ्यांचा डाव कधीच आटोपला असता. प्रत्यक्षात किल्ले जात होते, परत येत होते. राजधानी बदलत होती. फौजा मोगली मुलखात फिरून वसुली करत होत्या. जमीन ताब्यात नसतानाही राज्य जिवंत होते.

५/ या वसुलीला पुढे कायदेशीर रूप मिळाले. १७१९ च्या सनदांनी शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी घेण्याचा हक्क दिला. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. सुभे बादशहाचे, पण वाटा मराठ्यांचा. त्या सहांपैकी एक होता वऱ्हाड.

६/ वाशिमचा परिसर याच वऱ्हाडातला. अकबराच्या काळातील 'ऐन-इ-अकबरी'मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत वाशिमचे नाव आहे. १७२४ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामाने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये पाय रोवले. दुसरीकडे नागपूरकर भोसल्यांचे कमाविसदार वऱ्हाडात वसुलीला येऊ लागले. एका मुलखावर दोन अंमल. याचेच नाव दोअमली.

७/ दोअमलीचा भार पडला तो गावावर. पीक एकच, पण त्यावर हक्क सांगणारे दोन दरबार. देशमुख, देशपांडे आणि पाटील यांना दोन्हीकडे हिशेब द्यावा लागे. त्या काळच्या वऱ्हाडी कुणब्याला 'तुझा राजा कोण?' असे विचारले असते, तर त्याने बहुधा दोन नावे सांगितली असती. गेममध्ये मात्र प्रत्येक प्रांताला मालक एकच आणि रंगही एकच.

८/ यावर आक्षेप येईल की गेम म्हटला की गुंतागुंत कमी करावीच लागते. ते मान्य. प्रश्न आहे कोणती गुंतागुंत गाळली हा. तोफांचे पल्ले आणि पलटणींचे पोशाख बारकाईने जपले जातात. सत्ता म्हणजे काय, याचे उत्तर मात्र साऱ्या जगासाठी एकच ठेवले जाते. परिणामी मराठे युरोपीय राज्याच्या चालीने चालतात. वेश तेवढा निराळा.

९/ ही दोअमली एका पिढीची नव्हती. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडातील अंमल संपला. १८५३ मध्ये निजामाने प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच मानले गेले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, तरी १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. कारभार एकाचा, नाव दुसऱ्याचे.

१०/ ही चूक केवळ गेमपुरती असती तर दुर्लक्ष करता आले असते. पण समाजमाध्यमांवर फिरणारे 'मराठा साम्राज्य १७५८' छापाचे नकाशे याच नियमाने रंगवलेले असतात. एक बाजू भगवा रंग आणखी पसरवते, दुसरी तो पुसते. भांडण सीमारेषेवर होते. चौथाईचा मुलूख रंगवायचा तरी कसा, हे कोणीच विचारत नाही. मराठ्यांच्या विस्ताराचे खरे वैशिष्ट्य त्या गदारोळात हरवते.

११/ म्हणून गेम अवश्य खेळावा, संपवावा आणि मग त्याच्या नियमांशी वाद घालावा. मालेगावच्या मुलाला त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. जुन्या वतनदार घरांतील मोडी कागद, जिल्ह्याचे गॅझेटियर आणि गावातील 'देशमुख', 'देशपांडे' ही आडनावे यांत दोअमलीच्या खुणा शोधता येतात. जो गेम वऱ्हाडाला दोन रंगांत रंगवू शकेल, तो कदाचित अशाच एखाद्या मुलाच्या हातून घडेल.